कापसाच्या गावातून बर्फाच्या देशात: पहिला हिवाळा कसा काढायचा

सध्या मी दोन महिने गावी आलोय, दिग्रस तालुक्यात. कापूस वेचणी चालू आहे, आणि संध्याकाळी ओसरीवर बसलो की कोणी ना कोणी येतंच, की दादा मी पण कॅनडाला चाललो, काय काय घेऊ सांगा. परवा शेजारच्या गावचा एक पोरगा आला, विनिपेगलाच चालला, जानेवारीच्या ॲडमिशनला. त्याच्या यादीत सहा कॉटनच्या बनियन, चार स्वेटर, दोन चादरी आणि आजीने शिवलेली गोधडी. सहा हिवाळ्यांपूर्वी माझी यादी जवळपास हीच होती. म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून काढतो, म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाला तेच तेच अर्धवट सांगण्यापेक्षा हे वाचायला देता येईल.

मी विनिपेगचं सांगतोय कारण मी तिथेच राहतो. जानेवारीत पहाटे मायनस २० च्या खाली जाणं रोजचंच, आणि एखादी लाट आली की मायनस ३५ पण होतं. टोरांटो, व्हँकुव्हरला एवढं नसतं, पण सवयी याच लावून घेतल्या तर कुठेही निभतं.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवा

आपल्याला ऊन कळतं. नवतपात दुपारी बारा ते चार कोणी शेतात राहत नाही, बाहेर पडायचंच असलं तर डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, निघताना पाणी पिऊन. हे आपल्याला कोणी शिकवलं नाही, लहानपणापासून बघून बघून अंगात आलं. कोणी म्हटलं मी ४६ डिग्रीत उघड्या डोक्याने पायी जातो, तर आपण त्याला हिंमतवाला म्हणत नाही, घरात बसवतो. तिथली थंडी अशीच बघा. ती सहन करायची गोष्ट नाही, तिच्यासाठी तयारी करून निघायची गोष्ट आहे. आपली पोरं इथेच चुकतात, आपण शेतकऱ्याची पोरं, आपल्याला काय होते म्हणतात, आणि पहिल्या महिन्यातच कान नाहीतर बोटं दुखवून घेतात.

सामान भरताना

स्वेटर एक-दोन पुरे. इथून जाड जॅकेट घेऊन जाऊ नका, नागपुरात मिळणारं जॅकेट नागपूरच्या थंडीसाठी असतं, आपल्याकडे पारा ७-८ वर आला की शेकोटी पेटते, तिथे त्याच्याही ३०-४० डिग्री खाली जायचं असतं. मोठा कोट आणि बूट तिथेच घ्या. पण जानेवारीत उतरणार असाल तर विमानतळातून बाहेर पडायला तरी अंगावर काहीतरी पाहिजे, म्हणून घ्यायला कोण येणार आहे त्याला आधीच सांगून एक जुना कोट आणि टोपी आणायला लावा. लाज वाटू देऊ नका, तिथे सगळे असंच करतात.

माकडटोपी मात्र इथूनच घ्या, लोकरीची, दोन. तिथे तशाच टोपीला बरेच पैसे पडतात.

आता बनियनचं. हे सांगताना मला स्वतःलाच जड जातं, कारण आमचं घर कापसावर चाललं, माझी फी कापसाच्या पैशातून गेली. पण त्या थंडीत अंगाला लागून कॉटन नको. कापूस पाणी पितो आणि सोडत नाही. उन्हाळ्यात हाच त्याचा गुण, घाम पितो, वारा लागला की थंड वाटतं. हिवाळ्यात हाच गुण अंगावर येतो. बसस्टॉपवर पळत गेलात, घाम आला, बनियन ओली झाली, आणि मग वीस मिनिटं बसची वाट बघत उभे राहिलात की ती ओली बनियन अंगातली सगळी ऊब खेचून घेते. म्हणून आतला थर लोकरीचा नाहीतर सिंथेटिक थर्मलचा, वर आणि खाली दोन्हीकडे. कॉटन घरात घाला, घरात हीटिंग असतं, काही अडचण नाही.

मसाला, लोणचं, पापड, सरगुंडे, न्या जे न्यायचं ते, पण विमानतळावर खाण्याच्या वस्तू आहेत का विचारतात तिथे हो म्हणूनच लिहा आणि काय आहे ते सांगा. मांस, दुधाचे पदार्थ, ताजी फळं, बियाणं, रोपं यांचे नियम कडक आहेत. सांगितलं तर फार तर वस्तू काढून ठेवतील, लपवलं तर दंड होतो. तूरडाळ न्यायची गरज नाही, भारतीय दुकानात मिळते. आणि जवसाची तर चिंताच सोडा, कॅनडात जवस भरपूर पिकतो, विनिपेग ज्या प्रांतात आहे त्या मॅनिटोबाच्या शेतातसुद्धा. आमच्या घरी तिथे वर्षभर जवसाची चटणी असते, चव अगदी आपल्यासारखी.

उतरल्यावर पहिला आठवडा

सिन नंबर (कामाला लागायला लागणारा सरकारी नंबर), बँक खातं, फोनचं सिम, हे सगळे सांगतात, मी नाही लांबवत. फक्त आरोग्य विमा कोणत्या तारखेपासून लागू आहे आणि त्यात काय काय येतं ते पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. इमर्जन्सीला ९११.

आणि बूट. पहिला खर्च बुटांचा. कोट थ्रिफ्ट स्टोअरमधून जुना घेतला तरी चालतो, माझा पहिला कोट तसाच होता आणि चार वर्षं टिकला. बूट मात्र चांगले घ्या. टॅगवर किती डिग्रीपर्यंत चालतो ते लिहिलेलं असतं, मायनस ३० किंवा त्याच्या खालचा बघा. नेहमीच्या मापापेक्षा अर्धा-एक नंबर मोठा, म्हणजे एक जाड लोकरी मोजा घालून बोटं हलली पाहिजेत. बरेच जण घट्ट बुटात दोन-दोन मोजे कोंबतात, त्याने रक्त खेळत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात. बायकांनी जोडवी घट्ट असतील तर हिवाळ्यात काढूनच ठेवलेली बरी, माझ्या बायकोचं बोट एकदा सुजलं तेव्हा आम्हाला हे कळलं. आतला सोल निघतो असा बूट असेल तर रोज रात्री सोल काढून वाळवा.

कपड्यांचे थर

तीन थर. आत थर्मल, मधे फ्लीस नाहीतर लोकरीचा स्वेटर, वर वारा अडवणारा कोट, टोपीवाला आणि ढुंगणाच्या खालपर्यंत लांब. थरांच्या मधली हवाच ऊब धरते, म्हणून एकाच जाड कपड्यापेक्षा तीन पातळ चांगले. पायाला पण थर्मल, नुसती जीन्स म्हणजे काहीच नाही, कारण जीन्स पण कॉटनच.

हातमोजे बोटं वेगळी असणारे नको, चार बोटं एकत्र राहतात ते मिटन घ्या, बोटं एकमेकांना गरम ठेवतात. आत एक पातळ हातमोजा घाला, म्हणजे मोबाईल काढायला मिटन काढलं तरी बोट उघडं पडत नाही. मोबाईल कोटाच्या आतल्या खिशात, अंगाजवळ. बाहेरच्या खिशात बॅटरी ४०% वरून धाडकन बंद पडते आणि नेमकी तेव्हाच बस कुठे आहे ते बघायचं असतं.

कपडे सगळ्यात शेवटी चढवा. डबा भरून झाला, किल्ली घेतली, मगच कोट. घरात कोट घालून पाच मिनिटं इकडेतिकडे केलं की घाम येतो आणि तो घाम बाहेर गेल्यावर त्रास देतो. बसमध्ये चढलं की चेन उघडायची, उतरायच्या एक स्टॉप आधी लावायची. लहान पोरं सोबत असतील तर त्यांना स्नो पँट पाहिजेच, शाळेत मधल्या सुट्टीत बऱ्याच थंडीतही मुलांना बाहेर खेळायला सोडतात.

आकडा कोणता बघायचा

रोज सकाळी वेदर ॲप उघडा, पण नुसतं टेम्परेचर बघू नका, विंड चिल बघा. मायनस २५ असेल आणि वारा ताशी ३० किलोमीटरचा असेल तर उघड्या चामडीला ते मायनस ३९ सारखं लागतं. विनिपेगच्या आजूबाजूला सपाट प्रेअरी आहे, शेतंच शेतं, वाऱ्याला अडवायला काही नाही. विंड चिल मायनस २८ च्या खाली गेलं की उघडी चामडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, आणि मायनस ४० च्या खाली ५ ते १० मिनिटांतच. हे आकडे पाठ करा, कारण बस चुकली तर दुसरी यायला लागणारा वेळ पण तेवढाच असतो.

गोठायला लागलं की दुखणं थांबतं, हे नीट लक्षात घ्या. आधी भल्ली आग होते, मग काहीच वाटत नाही, आणि माणसाला वाटतं चला बरं झालं, सवय झाली. चामडी पांढरट, मेणासारखी दिसते. आपला आपल्याला कान दिसत नाही, म्हणून सोबतच्याने एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहायचं. माझ्या डाव्या कानाचं असंच झालं. पहिल्या डिसेंबरात माकडटोपी बॅगेत होती आणि मी डोक्यावर नुसती कोटाची टोपी ओढून बारा मिनिटं चाललो, ती वाऱ्याने मागे पडत होती. घरी आल्यावर कान लाकडासारखा लागला. मी जोरात चोळायला लागलो, रूममेटने हात धरला म्हणून वाचलो. चोळायचं नाही, बर्फ तर लावायचाच नाही, आणि हीटरला किंवा कडक पाण्याला पण धरायचं नाही, कारण बधिर चामडीला भाजलेलं कळत नाही. कोमट पाणी, अंगाएवढं गरम, किंवा कोरड्या हाताची नुसती ऊब. फोड आले, काळंनिळं पडलं, किंवा बधिरपणा गेलाच नाही तर सरळ दवाखाना. माझ्या कानाला आजही थोडा वारा लागला की ठणका लागतो.

चालणं

पडला ताजा बर्फ, भुसभुशीत, त्यात माणूस सहसा घसरत नाही. मायनस २५ ला रस्ता बराच धरतो. खरा धोका शून्याच्या आसपास, दुपारी वितळतं आणि रात्री परत गोठतं, वर काचेसारखा थर येतो, डांबर ओलं दिसतं पण तो बर्फ असतो. फार थंडीत मीठ काम करत नाही म्हणून तिथे रस्त्यावर रेती टाकतात, रेती दिसेल तिथूनच चाला.

पाय कसा टाकायचा ते आपल्याला येतंच. आषाढात काळ्या मातीच्या चिखलातून डोक्यावर ओझं घेऊन आपण कसं जातो, पाऊल छोटं, तळवा सपाट, गुडघा थोडा वाकलेला, अंग पायाच्या बरोबर वर. तस्संच. हात खिशात नको, पडलं तर टेकायला मोकळे पाहिजेत. घरी यायला पाच मिनिटं उशीर झाला तर होऊ द्या, मनगट मोडलं तर सहा आठवडे पगार बुडतो.

घरातलं

घरात २०-२१ डिग्री असतं, बनियनवर बसता येतं, पण हवा एकदम कोरडी. नाक आतून सुकतं, रक्त पण येतं, ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, कशाला हात लावला की करंट बसल्यासारखं होतं. ह्युमिडिफायर घ्या, नाहीतर हीटरजवळ पसरट भांड्यात पाणी ठेवा. आंघोळीचं पाणी कडक नको, आणि अंग ओलसर असतानाच तेल लावा. तहान लागत नाही म्हणून पाणी पिणं कमी होतं, ते होऊ देऊ नका.

फोडणी देताना चुलीवरचा पंखा आधी चालू, मग तेल. ठेच्यासाठी मिरच्या भाजायच्या असतील तर तव्यावर झाकण ठेवून, कमी आचेवर. स्मोक अलार्म वाजतोच, पण म्हणून त्याची बॅटरी काढून ठेवणं किंवा वर पिशवी बांधणं हे कधी म्हणजे कधी करू नका, लाकडाची घरं आहेत ती, मिनिटांत पेटतात. आणि कितीही थंडी वाटली तरी कोळशाची शेगडी घरात पेटवायची नाही. दारं खिडक्या घट्ट बंद असतात, कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो आणि झोपेतला माणूस उठत नाही. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का ते घर घेतानाच बघा. कोट स्वयंपाकघरापासून लांब, बंद कपाटात, नाहीतर फोडणीचा वास दिवसभर सोबत फिरतो.

गावी यायला महिनाभर निघालात तर हीटिंग पूर्ण बंद करू नका, नळाचे पाइप आतून गोठून फुटतात.

आता किल्लीचं सांगतो, हे मी प्रत्येकाला सांगतोच. पहिल्याच फेब्रुवारीत, रविवारी सकाळी, डोकं धुतलेलं होतं, कचऱ्याची पिशवी टाकायला मागच्या दाराने निघालो, दहा पावलांवर डबा. टी-शर्ट, हाफ पँट, पायात स्लीपर. पिशवी टाकली, वळलो, दार आपोआप लागलेलं. मायनस २७. पहिल्या मिनिटाला केस कडक झाले, हात लावला तर कुरकुरले. ओल्या हाताने लोखंडी कडी ओढली, बोटांची कातडी कडीला चिकटली, सोडवताना साल निघाली. फोन आत. बिल्डिंगला वळसा घालून पुढच्या दारापर्यंत पळालो आणि सगळ्यांच्या बेल एकापाठोपाठ एक दाबत सुटलो. तिसऱ्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्या आजीने दार उघडलं, काही न विचारता आत ओढलं आणि स्वतःची शाल टाकली अंगावर. तेव्हापासून किल्ली गळ्यात, करगोट्यासारखी, आंघोळ सोडली तर काढत नाही. तुम्ही पण तसंच करा, आणि दहा पावलांसाठी पण बूट कोट घालूनच निघा.

गाडी घेतली तर

तिथल्या गाड्यांच्या तोंडातून एक वायर लोंबत असते, प्लगवाली. नवीन माणसाला वाटतं गाडी इलेक्ट्रिक आहे. तो ब्लॉक हीटर, रात्री पार्किंगमधल्या खांबाला लावायचा म्हणजे सकाळी इंजिन सुरू होतं. घर भाड्याने घेताना पार्किंगला प्लग आहे का ते विचारा. टायर हिवाळ्याचेच, ज्यावर डोंगर आणि बर्फाच्या फुलाचं चिन्ह असतं, साध्या टायरचं रबर ७ डिग्रीच्या खालीच कडक व्हायला लागतं. काच धुवायचं पाणी मायनस ४० वालं. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. हिवाळ्यात काही रस्त्यांवर रात्री गाडी लावायला बंदी असते, बर्फ काढायच्या मशिन फिरतात, पाटी वाचा नाहीतर गाडी उचलून नेतात.

डिकीत फावडं, रेतीची पिशवी, टॉर्च, खायचं काही, आणि आजीची गोधडी. हो, गोधडी न्यायचीच असेल तर गाडीसाठी न्या, कोरडी राहिली तर ती तिथे पण ऊब देते. हायवेवर अडकलात तर गाडी सोडून चालत जाऊ नका. सायलेन्सरच्या तोंडाचा बर्फ आधी काढा, नाहीतर धूर गाडीत येतो, मग तासाला दहा मिनिटं इंजिन चालवा आणि काच बोटभर खाली ठेवा. दारापुढचा बर्फ फावड्याने काढताना पण दमानं, थोडा थोडा घ्या, वय झालेल्यांनी तर विचारूनच, थंडीत एकदम जोर लावला की छातीवर ताण येतो.

अंधार

याच्याबद्दल मला कोणीच सांगितलं नव्हतं. डिसेंबरच्या शेवटी विनिपेगला सूर्य सकाळी साडेआठच्या सुमारास निघतो आणि दुपारी साडेचारला बुडतो. तुम्ही कामाला जाता तेव्हा अंधार, परत येता तेव्हा अंधार. सहावा-सातवा आठवडा लागला की विनाकारण रडू येतं, झोप पुरत नाही, कोणाशी बोलू वाटत नाही. मला वाटायचं मीच कमजोर निघालो. तसं नसतं, उजेड कमी पडला की शरीरावर, मनावर परिणाम होतोच, तिथल्या लोकांना पण होतो. दुपारच्या सुट्टीत वीस मिनिटं उन्हात निघा, ऊन गरम लागत नाही पण उजेड मिळतो. व्हिटॅमिन डी डॉक्टरला विचारून सुरू करा. नदी गोठली की द फोर्क्सजवळ, म्हणजे शहरातल्या दोन नद्यांच्या संगमाजवळ, तिच्यावर चालायचा, स्केटिंगचा रस्ता करतात, फेब्रुवारीत शहराच्या सेंट बोनिफेस भागात फेस्टिव्हल द्यू व्हॉयाजर नावाचा हिवाळी उत्सव भरतो, अशा ठिकाणी जा. आणि दोन आठवडे सरले तरी उठावंसं वाटत नसेल तर कॉलेजच्या काउन्सेलरला किंवा डॉक्टरला भेटा.

घरी फोन लावायचं ठरवून घ्या. हिवाळ्यात साडेअकरा तासांचा फरक, गावात सकाळचे सात म्हणजे तिथे आदल्या दिवशी संध्याकाळचे साडेसात. मी आईला सगळं चांगलं चांगलं सांगायचो. पहिल्या संक्रांतीला तिने फोनवर विचारलं, "तीळगूळ खाल्ला का बापा?" मी म्हटलं हो. थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "तुया आवाजावरून नाई वाटत. खोटं कायले सांगतं? तकलीफ असन तं सांग, मी काई करू नाई शकत पण आयकू तं शकतो." मग मी सगळं सांगितलं, कानाचं, अंधाराचं, सगळं, आणि त्या रात्री पहिल्यांदा नीट झोप लागली. घरच्यांना खरं सांगा. दुसऱ्या दिवशी भारतीय दुकानातून तीळ आणि गूळ आणला, खोलीत चार जणांनी मिळून लाडू वळले.

उतरता हिवाळा

मार्च उजाडला की वाटतं झालं. नाही होत. मार्चमध्ये घसरून पडणारे जास्त, कारण रोज वितळणं आणि रोज गोठणं चालू असतं. एप्रिलमध्ये नदीचा बर्फ तडकतो, तेव्हा त्यावर पाय ठेवायचा नाही, मागच्या आठवड्यात लोक चालत होते म्हणून आज पण चालेल असं नसतं. मे महिन्यात पण बर्फ पडलेला मी पाहिला आहे, त्यामुळे कोट धुऊन आत टाकायची घाई करू नका. बूट मात्र मिठाचे पांढरे डाग ओल्या फडक्याने पुसून, चांगले वाळवून, आत पेपरचे बोळे भरून ठेवा, ऑक्टोबरमध्ये परत लागतात.